तिसऱ्या पेल्याची साक्ष

वडिलांनी, इलारिओननं, सही करायला नकार दिला, ही बातमी नेलिदा दवाखान्यातून परत यायच्या आधीच एन्कार्नामावशीच्या स्वयंपाकघरात पोचली होती. कोपाकबाना गावच तसं. दवाखान्यातल्या नर्सची आई बाजारात मक्याच्या लाह्या विकते, आणि लाह्या घ्यायला सगळं गाव जातं.

"नाहीच केली ना?" बटाटे सोलता सोलता मावशीनं विचारलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? मी काय भावोजींना आज ओळखते? तुझ्या आईला, बेनिताला, शब्द दिलाय त्यांनी. जीव जाईल, पण प्यायलो असं लिहून देणार नाहीत."

नेलिदानं हातातला कागद टेबलावर ठेवला. ला पासहून तिनंच आणलेल्या डॉक्टर विलामोरनी तो टाइप करून दिला होता. आमच्याकडे वकिलालाही डॉक्टरच म्हणतात. औषध दोघांचंही कडूच. कागदात चारच ओळी होत्या. नव्या मिनीबसच्या आशीर्वादाच्या दिवशी मी बिअर घेतली होती, त्या भरात वळणावर गाडी पलीकडे गेली, चूक कबूल आहे, दया करावी. खाली सहीपुरती जागा. सही केली की तुरुंग टळणार, लायसन्स मात्र दोन वर्षं जाणार. विलामोर चारच्या बसनं परत जाणार होते आणि तोवर चौकातल्या हॉटेलात सरोवरातला ताजा मासा खात बसले होते.

"दोन वर्षं," खिडकीशी बसलेले फोर्तुनातोकाका म्हणाले. "सदतीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. दोन वर्षं करायचं काय त्यानं? मेंढ्या वळायच्या?"

"तुरुंगातून मेंढ्याही वळता येत नाहीत, काका."

"आपल्या गावात वकील नाही का? लारूताची देल्फिना आहे की."

मावशीची सुरी थांबली. "त्या बयेचं नाव माझ्या घरात काढू नकोस, फोर्तुनातो. तिनंच आमच्या शेजाऱ्याची केस घेतली आणि माझ्या परसातली भिंत दोन हात आत ढकलली."

"भिंत होतीच दोन हात बाहेर," काका पुटपुटले.

"तू बोलूच नकोस. दोन पेट्या बिअर गाडीवर ओतायला तुला कुणी सांगितलं होतं? बाकीचे एक बाटली फोडतात, चार फुलं टाकतात. हा मोठा मानकरी. चाकावर ओतली, टपावर ओतली, सीटवर ओतली. पोलिसांनी दार उघडलं तर गाडी नाही, गुत्ता."

काकांनी मान खाली घातली. खरं होतं ते. अकरा वर्षांनी भावानं बोलावलं, मानकरी हो म्हणाला, त्या आनंदात त्यांचा हात सैल सुटला होता.

नेलिदा भिंतीवरच्या फोटोंकडे बघत राहिली. त्यांच्या घरातल्या प्रत्येक गाडीला देवळासमोर आशीर्वाद मिळाला, की जेवण मावशीकडे आणि फोटोची एक प्रत मावशीच्या भिंतीवर, हा रिवाज आईनं पाडलेला. पहिल्या फोटोत गाडी नव्हतीच. कागदी फुलांनी मढवलेली सायकल होती. हँडल धरून विशीतले बाबा आणि मागच्या कॅरिअरवर एका बाजूनं बसलेली, टोपी सावरत हसणारी आई. पाद्री म्हणाला होता, सायकलीला कसला आशीर्वाद? आई म्हणाली होती, चाकं आहेत ना, मग? त्यानंतर निळा ट्रक. मग लाल ट्रक, त्यात नेलिदा बारा वर्षांची, दोन दात पुढे, काकांच्या खांद्याला टेकलेली. काकांचा हा इथला शेवटचा फोटो. लाल ट्रकच्या त्या जेवणानंतरच सगळं फिसकटलं होतं.

त्या दिवशी काका मुलांना घेऊन ट्रकचा फेरफटका मारायला निघाले. आई दारात आडवी उभी राहिली. भर पंगतीत, सगळ्या पाहुण्यांदेखत तिनं त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली. म्हणाली, "मोठे दीर आहात, तुमचा मान माझ्या डोक्यावर. पण तुमच्या तोंडाला वास येतोय. माझी मुलं तुमच्या गाडीत बसणार नाहीत." काकांनी टोपी उचलली आणि गेले. पुन्हा आले नाहीत. सहा वर्षांपूर्वी आई वारली तेव्हाही नाही. आणि जाता जाता तिनं बाबांकडून शब्द घेतला होता, पुन्हा थेंब नाही.

तो शब्द बाबांनी पाळला होता, मिनीबसच्या आशीर्वादापर्यंत. नेलिदानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. देवळासमोर काकांनी बाबांना रीतीचा तिसरा पेला भरून दिला. तिनं जरा नजर वळवली, कडेवरच्या लेकराच्या अंगावरची फुलं झटकली, आणि परत पाहिलं तर बाबांच्या हातात पेला रिकामा.

"मावशी, सही करायला काय हरकत आहे?" ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी कोण पीत नाही? एखादा पेला झाला असेल. आईनं माफ केलं असतं."

मावशीनं वळून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुला वाटतं, ते प्यायले?"

नेलिदानं टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

मावशीनं सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि टोपी डोक्यावर चढवली.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"त्या बयेकडे. माझ्याविरुद्ध जिंकलेली एकच बाई आहे या गावात. आता ती माझ्या बाजूनं भांडू दे."

*

बाजारातल्या चढावरून जाताना फोर्तुनातो मुद्दाम मागे राहिला. पुढे दोघी बायका, मावशीचा घेर वाऱ्यावर फुगलेला. त्याला धाप लागत होती, पण त्याचं कारण चढ नव्हतं.

गेले तीन दिवस तो कुणाला सांगता येणार नाही अशा सुखात होता. भाऊ दवाखान्यात, खांद्याचं हाड मोडलेलं, दारात पोलिस. आणि तरीही रोज सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, त्यानं माझ्या हातून घेतला. त्यांच्या घराण्याची रीत होती: मानकऱ्यानं तीन पेले भरायचे. पहिला धरणीमायेला, दुसरा चाकांना, तिसरा मानकऱ्यानं आणि मालकानं मिळून प्यायचा, समोरच्या टेकडीकडे बघत. तिसरा पेला नाकारला तर नातं नाकारलं. इलारिओनची शपथ फोर्तुनातोला ठाऊक होती. तरी त्यानं भरला. आणि इलारिओननं नुसतं "आण, दादा" म्हणून घेतला. अकरा वर्षांत कुणी त्याला दादा म्हटलं नव्हतं.

बेनिताच्या मातीला तो निघाला होता हेही कुणाला माहीत नव्हतं. काळा कोट घालून, सरोवर ओलांडायला, तिकिनाच्या धक्क्यापर्यंत आला. तराफ्यावर गाड्या चढत होत्या, पलीकडचा काठ समोर दिसत होता. तीन तराफे गेले आणि तो कोट काखेत मारून माघारी फिरला. मेलेल्या माणसासमोर काय तोंड घेऊन उभं राहायचं, हेच त्याला कळलं नव्हतं.

आणि आता ज्या घोटानं अकरा वर्षांचं वैर संपलं, तोच घोट भावाला आत घालणार होता. विचारलं तर काय सांगायचं? खोटं बोलायला त्याची ना नव्हती. पण त्या खोट्यात त्याच्या पदरात पडलेली एकुलती एक गोष्ट जाणार होती.

*

देल्फिना लारूताची कचेरी मेणबत्त्यांच्या दुकानामागे होती. दोन वेण्या, काळी गोल टोपी, मागच्या भिंतीवर फ्रेम केलेली सनद आणि समोर टाइपरायटर. तिनं मावशीकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"या, एन्कार्नाबाई. भिंत काय म्हणते?"

"जिथं ढकललीत तिथंच आहे."

"पडझड नाही ना?"

"नाही. दुपारची सावली बरी पडते." मावशी बसली. "आमच्या भावोजींचं काम आहे. घेणार का?"

"ऐकू तर द्या. आणि खरं तेच ऐकू द्या; खोटं काय बोलायचं ते मी नंतर ठरवीन."

नेलिदानं सगळं सांगितलं. आशीर्वाद झाला, जेवण झालं, मिनीबस मावशीला घेऊन घाट चढून निघाली. खाली उतरताना एका वळणावर प्रवाशांची व्हॅन दुसऱ्या गाडीला मागे टाकायला पुढे आली. धडक झाली. व्हॅनमधल्या एका बाईचा पाय मोडला, बाबांचा खांदा. वाटेवरच्या चौकीतून पोलिस आले. फुंकायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, म्हणून त्यांनी वासावरून लिहिलं: चालकाच्या अंगाला दारूचा भपकारा, सबब चूक चालकाची.

"गाडीला बिअरचा वास, ते समजलं. तो सगळ्यांच्याच गाडीला येतो त्या दिवशी. न्यायाधीशही इथलेच आहेत, त्यांचीही गाडी मी न्हालेली पाहिली आहे." वकीलबाईनं पोलिसांच्या अहवालाच्या नकलेवर बोट ठेवलं. "पण इथं अंगाला म्हटलंय. गळा आणि छाती. बिअर गाडीवर ओतली, मग छातीवर कशी?"

 मावशी पर्सची कडी उघडझाप करू लागली.

"एन्कार्नाबाई?"

"माणूस पांढराफटक पडला होता," मावशी एकदम म्हणाली. "डोळे फिरवले होते. धसका बसला की जीव अंगाबाहेर जातो, हे तुम्हालाही माहीत आहे. मी काय बघत बसू? पिशवीत दारूची बाटली होती, चोळली. गळ्याला चोळली, छातीला चोळली, कपाळाला लावली. जीव आला परत."

"किती चोळलीत?"

"आता मापून कोण चोळतं?"

"मावशी," नेलिदा म्हणाली, "तीन दिवस काकांना बोलते आहेस तू."

"त्याला बोलायचंच होतं," मावशी म्हणाली, पण तिचा आवाज फुटला. तीन दिवस ती झोपली नव्हती हे तेव्हा नेलिदाला कळलं. तिनं मावशीचा हात हातात घेतला.

देल्फिनानं टाइपरायटरमध्ये कोरा कागद चढवला. "हे झालं अंगावरचं. आता पोटातलं."

फोर्तुनातो उठून उभा राहिला. टोपी त्याच्या हातात होती. "तिसरा पेला मी दिला. त्यानं घेतला."

"फोर्तुनातो," मावशी दबक्या आवाजात म्हणाली, "काय बोलतोस?"

"खरं सांगा म्हणाल्या ना त्या? घेतला. माझ्या हातून घेतला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यात थोडा ताठाही होता. वकीलबाईला दोन्ही दिसलं.

"घेतला ते कळलं," ती म्हणाली. "पिताना पाहिलात?"

"शेजारीच उभा होता तो."

"मी ते विचारलं नाही. तुम्ही कुठे बघत होतात?"

"टेकडीकडे. तिसऱ्या पेल्याला टेकडीकडेच बघतात."

देल्फिना खुर्चीतून उठली आणि शाल पांघरू लागली. "केस घेतली मी. नेलिदा, तुमच्या डॉक्टरसाहेबांना निरोप द्या, मासा सावकाश खा म्हणावं, काटे फार असतात. आशीर्वादाचा फोटो कुणी काढला?"

"सेवेरोनं. एकच घेतला आम्ही."

"तुम्ही एक घेतलात. तो तीन काढतो आणि एक विकतो. चाळीस वर्षं त्याचा तोच धंदा आहे. उरलेले बिस्किटांच्या डब्यात टाकतो, कुणी मेलं की घरची माणसं शोधत येतात म्हणून." ती दाराशी थांबली. "ला पासच्या वकिलाला हे कोण सांगणार?"

*

इलारिओननं चौघांना वॉर्डात येताना पाहिलं आणि दादाच्या चेहऱ्यावरून काहीतरी घडलंय हे ओळखलं. दारातल्या पोलिसानं वकीलबाईला मावशी म्हणून हाक मारली आणि सगळ्यांना आत सोडलं.

"त्या बाईचा पाय कसा आहे?" त्यानं पहिलं ते विचारलं. रोज तो तेच विचारायचा.

"प्लास्टर घातलंय. बरी आहे," नेलिदा म्हणाली.

"संत्री नेऊन दे तिला. सही सोडून काय ते बोला."

"सहीचं बोलायला नाही आलो," देल्फिना म्हणाली. "मी तुमची वकील. तुमच्या मेव्हणीनं नेमलंय, आता नाही म्हणू नका, तिला नाही म्हणणं मला परवडत नाही. टायरच्या खुणा मी पाहून येईनच; माझ्या भाच्याचं शेत त्या वळणाला लागून आहे, तो म्हणतो व्हॅनच पलीकडून आली. तुमच्याविरुद्ध आहे तो फक्त वास. म्हणून एकच विचारते. तिसरा पेला प्यायलात?"

इलारिओननं दादाकडे पाहिलं. मग पांघरुणाकडे. तीन दिवस तो याच प्रश्नाला चुकवत आला होता. नाही म्हणावं तर दादासमोर म्हणावं लागणार. हो म्हणावं तर बेनिताला काय सांगायचं? म्हणून त्यानं फक्त एवढंच ठरवलं होतं, की सही करायची नाही. पुढचं मेरीमाय बघून घेईल.

"बघा," वकीलबाई म्हणाली. "म्हणूनच मी आधी सेवेरोकडे गेले."

तिनं तीन फोटो पांघरुणावर मांडले. पहिला घरच्यांनी विकत घेतला होता तोच. दुसऱ्यात सगळ्यांचे डोळे मिटलेले. तिसऱ्यात गाडी, हारांनी भरलेली. तिच्यापुढे फोर्तुनातो, मान वर, पेला ओठाला, डोळे टेकडीकडे, चेहरा आनंदानं उजळलेला. त्याच्या शेजारी इलारिओन किंचित वाकलेला. त्याचा हात पुढच्या चाकापाशी खाली होता आणि पेला पालथा. धार स्पष्ट दिसत होती.

नेलिदानं तोंडावर हात ठेवला. "बाबा," ती म्हणाली, "मला वाटलं होतं..."  इलारिओननं बऱ्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं.

फोर्तुनातोनं फोटो उचलला आणि खिडकीशी नेला. तिथं उजेड चांगला होता. तो बराच वेळ बघत होता. स्वतःचं ते हसू त्याला बघवत नव्हतं आणि ठेवूनही देववत नव्हतं.

"याच्याबरोबर एक साक्ष लागेल," देल्फिना हळू आवाजात म्हणाली. "फोटो एका क्षणाचा असतो. तिसरा पेला कुणी भरला, त्याचं काय झालं, हे मानकऱ्यानं सांगावं लागेल. तुमच्या भावानं तो तुमच्याबरोबर घेतला नाही, असं. चार माणसांसमोर."

म्हणजे नातं नाकारलं असं, तिनं म्हटलं नाही. इथल्या कुणाला ते सांगावं लागत नाही.

"सांगीन," फोर्तुनातो खिडकीकडे तोंड करून म्हणाला. "माझ्या हातचा पेला त्यानं मातीत ओतला. सांगीन. लायसन्स राहील त्याचं."

"दादा, इकडे ये."

"इथून ऐकू येतं."

"ये म्हणतो ना. मला उठता येत नाही."

फोर्तुनातो आला. इलारिओननं त्याच्या कोटाची बाही धरली, लहानपणी बाजारातल्या गर्दीत धरायचा तशी.

"मातीत नाही ओतला मी. धरणीमायेचा पहिला पेला झाला होता, चाकांचा दुसरा झाला होता. तिसऱ्याला मी नाव घेतलं. तू वर बघत होतास, तुला ऐकू नाही आलं. अकरा वर्षं तू बेनितावर रागावलेला. ती जाताना मला म्हणाली होती, दिरांना बोलाव एकदा, माझं चुकलं नव्हतं पण चारचौघांत बोलले ते चुकलं. मी काय करू? तू पेला भरलास आणि मला वाटलं, हा माझा नाहीच. म्हणून तुझा पेला मी तिला दिला. चाकापाशी दिला, तिला गाड्या आवडायच्या."

फोर्तुनातो कॉटच्या कडेवर बसला. त्याला मोठ्यानं रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. एन्कार्नामावशीनं पर्समधून रुमाल काढून त्याच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच त्याला काही टोचून बोलली नाही. तिलाही बेनिता दिसत होती, सायकलच्या मागे टोपी सावरत बसलेली.

"मी आलो होतो," फोर्तुनातो म्हणाला. "तिच्या मातीला. तिकिनापर्यंत आलो होतो."

"माहीत आहे," इलारिओन म्हणाला. "तराफेवाल्यानं सांगितलं होतं."

 वकीलबाईनं वही मांडीवर घेतली आणि पेनचं टोपण काढलं.

"फोर्तुनातोजी, साक्षीत लिहायचं आहे. तिसरा पेला इलारिओन कायिसाया प्यायले का?"

"नाही."

"मग काय झालं त्याचं?"

"लिहा, माझ्या भावजयीनं घेतला."

"असं लिहिता येत नाही कायद्यात. ती सहा वर्षांपूर्वी गेली."

फोर्तुनातोनं डोळे पुसले आणि रुमालाची नीट घडी घातली.

"मग लिहा, जमिनीवर ओतला," तो म्हणाला. "तेच ते."